मूळपद आणि निरूपण
(मराठी ख्रिस्ती प्रवचनाच्या इतिहासातील एक प्रश्न)

केनवड हे वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातले गाव. १९९८ साली वाशीम जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख अकोला जिल्ह्यात मोडत असे. एका बाजूला वाशीम, म्हणजे वाकाटकांची राजधानी वत्सगुल्म. प्राकृत काव्यशास्त्रात ‘वच्छोमी’ नावाची जी रीती सांगितली आहे तिला नाव मिळाले ते याच नगराचे. दुसऱ्या बाजूला मेहकर आणि लोणार, चक्रधरस्वामींच्या पायाखालून गेलेली आणि ‘लीळाचरित्रा’त जागा मिळालेली गावे. ग्रंथ कसा वाचावा, वाचलेले लोकांना कसे सांगावे, आणि सांगताना मुळाला धक्का लागला की नाही हे कशावरून ठरवावे, या प्रश्नांचा विचार या भूमीने सातशे वर्षांपूर्वी केला आहे. म्हणून ख्रिस्ती प्रवचन शास्त्राशी इमान राखते ते केव्हा, हा वरवर पाहता परका वाटणारा प्रश्न येथे मांडला तर तो अस्थानी ठरू नये.

‘शास्त्र’ हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक बायबलासाठी वापरतात. ‘पवित्र शास्त्र’ हे त्यांच्या ग्रंथाचे रूढ नाव. प्रवचनकार व्यासपीठावर उभा राहतो, शास्त्रातला एक उतारा वाचतो आणि त्यावर बोलतो. उतारा वाचला म्हणजे पुढचे बोलणे आपोआप त्या उताऱ्याचे होते, असे मात्र नाही. खुद्द बायबलात याची एक विलक्षण साक्ष आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर नेतो, खाली उडी टाकण्यास सांगतो आणि आपल्या म्हणण्याच्या पुष्टीसाठी एक्याण्णवावे स्तोत्र पुढे करतो. अवतरण अचूक आहे, पण उद्देश खोटा आहे. येशू उत्तर देतो तेही शास्त्रातूनच, अनुवादाच्या पुस्तकातून. म्हणजे वाद शास्त्र मानणारा आणि न मानणारा यांच्यातला नाही. तो शास्त्राचे तुकडे वापरणारा आणि शास्त्राचा सबंध आशय मानणारा यांच्यातला आहे. प्रवचनाच्या प्रामाणिकपणाची पहिली कसोटी येथेच हाती लागते.

ही कसोटी वऱ्हाडाला नवी नव्हती. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या त्यांना विचारून, पडताळून. पुढे केसोबासांनी त्यांतील वचने निवडून सूत्रपाठ सिद्ध केला. सूत्र सुटे झाले की ते स्मरणात राहावयास सोपे होते, पण त्याचबरोबर ते भलतीकडे वळवणेही सोपे होते. हे महानुभाव आचार्यांच्या ध्यानात आले असावे, कारण त्यांच्या पंथात ‘प्रकरणवश’ नावाचा ग्रंथप्रकारच निर्माण झाला. कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी, कोणाला उद्देशून उच्चारले गेले हे सांगणे हेच त्याचे काम. प्रसंगावाचून वचन नाही, हा नियम त्यांनी घालून घेतला. शिवाय केसोबास संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले, कारण त्यामुळे साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका नागवल्या जातील. ही आठवण ‘स्मृतिस्थळा’ने जपून ठेवली आहे. मूळ जपावयाचे आणि तरीही ते म्हातारीपर्यंत पोचवावयाचे, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. एकनाथांनी १५८४ साली ‘ज्ञानेश्वरी’ची पाठशुद्धी केली आणि तीत कोणी आपली ओवी मिसळू नये अशी ताकीद दिली. तिच्यामागेही हीच काळजी होती.

बायबलात या दुहेरी जबाबदारीचे चित्र नहेम्याच्या पुस्तकात आढळते. बंदिवासातून परतलेले यहुदी लोक यरुशलेमात पाणीवेशीसमोरच्या चौकात जमतात. एज्रा लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो आणि लेवी लोकांमध्ये फिरून त्याचा अर्थ उलगडून सांगतात, जेणेकरून वाचलेले सर्वांना समजावे. अर्थ कळल्यावर लोक रडू लागतात. स्पष्ट वाचन, अर्थाचे विवरण आणि ऐकणाऱ्याच्या जिवाला भिडणे या तीन पायऱ्या येथे क्रमाने आल्या आहेत. पहिल्या दोन गाळून तिसरी गाठू पाहणारा वक्ता लोकांना रडवील, परंतु ते अश्रू शास्त्राचे नसतील.

आता मराठीकडे वळू. या भाषेत ख्रिस्ती कथा प्रथम भव्य रूपात सांगितली ती एका इंग्रज जेझुइटाने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले, आयुष्याची चाळीस वर्षे तेथे राहिले आणि १६१९ मध्ये वारले. साष्टीत काम करीत असताना त्यांनी ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीच्या उत्पत्तीपासून जुन्या कराराची कथा आहे, दुसऱ्यात येशूचे चरित्र. सतराव्या शतकातील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला रोमन लिपीत आवृत्ती निघाली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्यातून देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा सामान्य मराठी वाचकाला हा ग्रंथ खऱ्या अर्थाने दिसला.

स्टीफन्स स्वर्गाला वैकुंठ म्हणतात, ओवी वापरतात, श्रोत्यांचे प्रश्न मध्ये घेतात. पुराणिकाची सारी सामग्री त्यांनी उचलली आहे. हे शास्त्राशी इमान की श्रोत्यांची मनधरणी? याचा निवाडा शब्दांवरून करता येणार नाही, शब्दांनी वाहून आणलेल्या कथेवरून करावा लागेल. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस होतो. मद्य निषिद्ध मानणाऱ्या ब्राह्मण श्रोत्यांपुढे ही कथा गाळणे सोयीचे होते. स्टीफन्स ती गाळीत नाहीत. क्रुसावरचे मरण हे तर देवाच्या पराभवासारखे दिसणारे, पुराणश्रवणाला सरावलेल्या कानांना खटकणारे प्रकरण. तेही ते टाळीत नाहीत, उलट तेथेच कथेचा भार देतात. म्हणजे वेष बदलला आहे, देह बदललेला नाही. अथेन्सच्या अरियपगावर पौलाने ग्रीक कवींच्या वचनांचा आधार घेतला, तरी मृतांच्या पुनरुत्थानाचा अवघड मुद्दा सोडला नाही. हेच त्या जातीचे उदाहरण होय.

तथापि स्टीफन्सांच्या प्रवचनाला एक काळी बाजू आहे आणि ती इतिहासकाराने झाकता कामा नये. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन बसले होते. साष्टीतली देवळे त्या दशकात पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीला पाच जेझुइट मारले गेले ते याच संतापातून, आणि त्यानंतर गावाला भोगावे लागले ते राज्यसत्तेचे शासन. अशा मुलखात ‘ख्रिस्तपुराण’ चर्चमध्ये वाचले जात होते. ट्रेंटच्या परिषदेनंतरच्या काळातील रोमन चर्चच्या निर्बंधांमुळे श्रोत्याच्या हाती देशी भाषेतले बायबल नव्हते, आणि राज्यकर्त्यांच्या धाकामुळे त्याच्या तोंडी नकारही नव्हता. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावच्या लोकांची स्तुती केली आहे ती ते पौलाचे म्हणणे रोज शास्त्रात पडताळून पाहत म्हणून. ज्या श्रोत्याला पडताळता येत नाही आणि नाही म्हणता येत नाही, त्याच्यापुढील प्रवचन कितीही सुंदर असले तरी अर्धे राहते. ते अर्धेपण स्टीफन्सांच्या प्रतिभेचे नव्हे, परिस्थितीचे होते, परंतु होते खास. पुढे १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने देशी भाषाच हद्दपार करण्याचा हुकूम काढला आणि उरलेला अर्धा भागही गेला.

श्रोत्याच्या हाती ग्रंथ आला तो एकोणिसाव्या शतकात. श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८११ साली नवा करार मराठीत छापला. पंडित वैजनाथ शर्मा त्यांच्या हाताशी होते. पण बंगालात बसून केलेली ती मराठी महाराष्ट्रात परकी वाटली. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. त्यांच्या मिशनने आपले वेगळे भाषांतर हाती घेतले आणि १८२६ मध्ये नवा करार मुंबईच्या छापखान्यातून बाहेर पडला. त्यानंतर शतकभर हे भाषांतर पुन्हा पुन्हा तपासले जात राहिले. या तपासण्यांना प्रवचनाच्या इतिहासात फार महत्त्व आहे. आजचा शब्द उद्या बदलावा लागेल अशी कबुली देणे म्हणजे ग्रंथ आपल्यापेक्षा मोठा आहे हे मान्य करणे होय.

ग्रंथ हाती आला, पण प्रवचन लगेच सुधारले असे नाही. रस्त्यावरच्या उपदेशाचा मोठा भाग पुराणांतल्या कथांची टिंगल करण्यात जाई. दुसऱ्याच्या ग्रंथातली उणी काढणे म्हणजे आपल्या ग्रंथाचे विवरण नव्हे, ही गोष्ट उपदेशकांना उमगावयास वेळ लागला. त्यांना ती समजावून देण्याचे श्रेय काही अंशी त्यांच्या प्रतिपक्षाकडे जाते. मोरभट दांडेकरांनी १८३१ च्या सुमारास डॉ. जॉन विल्सन यांच्याशी वाद केला. १८५७ च्या पहिल्या महिन्यांत विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी उभे राहिले आणि मिशनऱ्यांना त्यांच्याच शास्त्रातले प्रश्न विचारू लागले. जॉर्ज बोवेन यांच्यासारख्या उपदेशकाला मग उत्तरे शास्त्रातच शोधावी लागली. साष्टीतल्या श्रोत्याला जे मिळाले नव्हते ते मुंबईच्या वाळूवर जमलेल्या श्रोत्याला मिळाले. त्याला उलट विचारता येत होते. हा वाद कोणी जिंकला हा प्रश्न गौण आहे. बिरुयाच्या लोकांचा धर्म येथे अख्रिस्ती माणसाने पाळला, आणि त्यामुळे ख्रिस्ती प्रवचन अधिक शास्त्रनिष्ठ होण्यास मदत झाली, हे मात्र नोंदवून ठेवले पाहिजे.

याच सुमारास नगरकडे दुसरा एक प्रयोग चालू झाला. अमेरिकन मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे केले होते, १८४२ पासून तेथून ‘ज्ञानोदय’ निघू लागला. १८६० नंतरच्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे प्रभृतींनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. वीणा, टाळ, मृदंग घेऊन येशूची कथा गाणे हा केवळ लोक जमवण्याचा उपाय होता, असे काहींना वाटे. वस्तुतः कीर्तनाची घडणच शास्त्रनिष्ठ प्रवचनाला शिस्त लावणारी आहे. नारदीय पद्धतीत पूर्वरंगात मूळपद घ्यावयाचे आणि त्यावर निरूपण करावयाचे. उत्तररंगात आख्यान येते, पण ते मूळपदाचा दृष्टान्त म्हणून. कीर्तनकार कितीही दूर भटकला तरी त्याला फिरून पदावर यावेच लागते, आणि न आला तर समोरची म्हातारी माणसे ते ओळखतात. वारकरी कीर्तनात तर एकच अभंग धरून त्याचे चरण न् चरण उलगडावे लागतात. पश्चिमेकडील उत्तम धर्मोपदेशक उताऱ्याला धरून बोलण्याचा जो दंडक सांगतात तो मराठी श्रोत्याला याच रूपात ठाऊक होता. धोकाही ठाऊक होता. आख्यान रंगले की मूळपद विसरले जाते, आणि लोक घरी जाताना कथा नेतात, वचन मागे राहते.

या परंपरेला शिखर चढवले ते नारायण वामन टिळकांनी. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. तो वाचताना डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थबकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. येथे क्रम ध्यानात घ्यावा. आधी उपदेशक आणि मग ग्रंथ असा तो नाही, आधी ग्रंथ आहे. म्हणूनच पुढे उपदेशकांच्या संस्थेचे आणि ग्रंथाचे जमेनासे झाले असे त्यांना वाटले तेव्हा त्यांनी कौल ग्रंथाला दिला. तुकारामांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोचलो असे ते मोकळेपणाने सांगत. कीर्तने करीत, अभंग रचीत, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’ची मराठी बाजू सांभाळीत. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा दोघांनाही सामावून घेणारा ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा संकल्प केला. ९ मे १९१९ रोजी ते वारले. ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या हातून थोडेच झाले. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी.

टिळकांवर आक्षेप असा की त्यांच्या भक्तीत तुकाराम फार आणि पौल थोडा. आक्षेप अगदीच फोल नाही. अभंगाची भाषा घेतली की अभंगाची भूमिकाही थोडी आत येते, आणि बाप्तिस्म्यासारख्या गोष्टीत टिळक प्रस्थापित मंडळीपासून दूर सरकले हे खरेच. तथापि दुसरी बाजू अशी की ख्रिस्त पाश्चात्त्यांचा पोशाख घालूनच आला पाहिजे, ही अटही शास्त्रात कोठे नाही. मिशनच्या पगारावर आणि मताप्रमाणे चालणारे देशी उपदेशक ही व्यवस्था शुभवर्तमानातून निघालेली नव्हती. टिळकांनी ती शास्त्राच्या उजेडात धरली. प्रवचनकार शास्त्र दुसऱ्यांवर चालवतो तेवढे सोपे असते. ते आपल्या मंडळीवर, आपल्या पगारावर, आपल्या मालकावर चालवणे कठीण.

नासरेथच्या सभास्थानात येशूने यशया वाचला तेव्हा लोक प्रथम खूश झाले. एलिया परक्या विधवेकडे गेला आणि अलीशाने परका नामान बरा केला, असे तो म्हणताच तेच लोक त्याला कड्यावर घेऊन गेले. वचन घराकडे वळले की असे होते. मराठी मंडळींत हे वळण सर्वांत जास्त बोचले ते जातीच्या बाबतीत. नगरकडच्या मंडळ्यांत आलेले बहुसंख्य लोक महार आणि मांग समाजांतले होते. एका प्यालातून घेणे, एका पंगतीला बसणे, मुलीबाळी देणे-घेणे या प्रश्नांनी मंडळीला दीर्घकाळ छळले. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, अंत्युखियाला परराष्ट्रीयांबरोबर जेवताना पेत्र मागे सरला तेव्हा पौलाने त्याला तोंडावर दोष दिला असे सांगितले आहे. हा उतारा वाचून जो प्रवचनकार केवळ पेत्राबद्दल बोलला आणि समोरच्या पंगतीबद्दल गप्प राहिला, त्याने अक्षर न बदलताही शास्त्र बदलले.

या साऱ्या इतिहासात एकट्याने, ग्रंथाच्या मुळाशी जाऊन झुंज घेतली ती पंडिता रमाबाईंनी. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण म्हणून त्यांनी आपली बुद्धी कोणाकडे गहाण टाकली नाही. धर्मभगिनींशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात त्या वारंवार विचारतात की हे शास्त्रात कोठे आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरलेली असण्याला त्यांनी हरकत घेतली, त्यापेक्षा संस्कृत बरे असे त्यांचे म्हणणे होते. याच रमाबाईंनी पुढे केडगावच्या मुक्तिसदनात इब्री आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणावयास घेतले, तेव्हा संस्कृतप्रचुर मराठी बाजूस सारली आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशी साधी भाषा निवडली. जिला पुराणे मुखोद्गत होती त्या विदुषीचा हा निर्णय साधा नव्हे. दुष्काळातून उचलून आणलेल्या मुलींमध्ये राहिल्यावर लॅटिनहून संस्कृत बरे येथपासून संस्कृताहूनही बोलीच बरी येथपर्यंत त्या आल्या. त्यांच्या सदनातल्या बायकांनीच तो ग्रंथ छापला. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि १९२४ मध्ये सबंध बायबल प्रसिद्ध झाले. नागदेवाचार्यांनी ज्या म्हातारीची काळजी केली होती, तिचीच काळजी सहा शतकांनंतर केडगावी घेतली गेली. दोघांना एकमेकांचे मत मान्य झाले नसते, पण काळजी एकच.

आता सारांश मांडता येईल. प्रवचन शास्त्राशी इमान राखते ते पुढील चार गोष्टींवरून ओळखावे. वचन त्याच्या प्रसंगात आणि सबंध ग्रंथाच्या ओघात घेतले आहे काय? ते ऐकणाऱ्याच्या बोलीत उतरले आहे काय, आणि उतरताना त्यातले अवघड ते तसेच अवघड राहिले आहे काय? ते बोलणाऱ्याला आणि त्याच्या मंडळीलाही लागू झाले आहे काय? आणि ऐकणाऱ्याला ते पडताळण्याचे व नाकारण्याचे स्वातंत्र्य आहे काय? स्टीफन्सांपाशी दुसरी गोष्ट विपुल होती, चौथी नव्हती. समुद्रकिनारी चौथी होती, दुसरी तोकडी पडली. टिळकांनी तिसरी जिवावर घेतली, पहिलीबद्दल त्यांच्यावर शंका घेतली गेली. रमाबाईंनी पहिली आणि दुसरी यांची सांगड घालण्यासाठी आयुष्याची अखेरची वर्षे दिली. चारही एका ठिकाणी येणे दुर्मिळ, आणि हे केवळ ख्रिस्ती प्रवचनाबद्दलच खरे आहे असे नाही.

वाशीमला नाझरीन मंडळीचे रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय गेल्या शतकात उभे राहिले. ख्रिस्ती उपदेश या बाजूच्या खेड्यांच्या कानावर आला तो असा औषधपाण्याच्या सोबतीने. रोग्याच्या उशाशी शास्त्र वाचणाऱ्यावर तर वरील कसोट्यांचे ओझे अधिकच पडते. ज्याचे दुखणे आपल्या हातात आहे त्याला नकार देणे अवघड जाते, आणि म्हणून बोलणाऱ्याने तो नकार त्याच्यासाठी आपणच मोकळा ठेवावा लागतो. कीर्तनात बुवांचे पद सुटले तर समोरची म्हातारी मान हलवायची थांबते. केनवडसारख्या गावात आजही भागवत वाचले जाते, पोथी लागते, कोणी शुभवर्तमानही सांगतो. सांगणाऱ्याने त्या म्हातारीच्या मानेकडे लक्ष ठेवावे.